गाडीच्या हिटरला खोबरेल

साहेबांच्या गाडीत मी चार वर्षांत एकदाही बसले नव्हते, पण तिच्या आतला कोपरान् कोपरा मला ठाऊक होता. रोज सकाळी ती पुसायचं काम माझं. पुसता पुसता मी तिच्याशी बोलायचे. माणसांशी मला तेवढं जमत नाही. समोर माणूस आलं की मला नेमकं काय म्हणायचं ते कळतं, पण ते म्हणेपर्यंत माणूस निघून जातं.

गाडी जुनी, विलायती. साहेबांच्या वडिलांनी घेतलेली. रंग बाटलीसारखा हिरवा, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. कोळवणच्या रस्त्यावर ती निघाली की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा बाजूला थांबून आधी तिला जाऊ द्यायचा. मानासाठी की भीतीनं ते माहीत नाही, कारण तिचे ब्रेक कधी लागतील हे साहेबांशिवाय कुणालाच सांगता यायचं नाही.

साहेबांचा बंगला आमच्याच वरच्या खाचरात आहे. म्हणजे खाचर आमचं होतं, ते त्यांनी घेतलं. विकताना आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकच अट घातली, की राखणीला आम्ही राहू. म्हणून जिथं माझी सासू भात लावायची तिथं मी आता फरशी पुसते. फरशीचं एक बरं आहे, गुडघाभर चिखलात उभं राहावं लागत नाही.

साहेब शहात्तर वर्षांचे, एकटे. कारखान्यात इंजिनिअर होते. बाईसाहेब वारल्यावर ते इथंच राहायला आले. दर शनिवारी सकाळी सातला गाडी काढायची आणि पुण्याला जायचं, जुन्या सोबत्यांबरोबर इडली खायला, हा त्यांचा नेम. इडलीसाठी एवढ्या लांब जाणारा माणूस आमच्या मालकांनी आधी पाहिला नव्हता. त्यांनी पहिल्या महिन्यात विचारलं होतं, "सायेब, इडली आमची ही करंल की, कशाला एवढं पेट्रोल?" साहेब म्हणाले, "इडली निमित्त आहे हो. मला गाडी चालवायची असते."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. पुढं जे झालं ते सगळं त्या वाक्यावरच येऊन थांबलं.

गाडीला हिटर होता. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना सहसा नसतो म्हणतात, हिला होता. पुढच्या फळीवर काचेखाली एक खटका होता, बोटाएवढा, टोकाला हस्तिदंती रंगाची गोळी. तो उजवीकडं सरकवला की त्याला जोडलेली तार ओढली जायची. ती तार एका बारीक नळीतून थेट इंजिनापर्यंत गेलेली होती. तिथं एक कॉक उघडायचा, इंजिनातलं गरम पाणी आत यायचं आणि पायांपाशी ऊन वारा सुटायचा. साहेबांनी हे एकदा आमच्या मालकांना समजावून सांगितलं होतं. मालकांनी मान डोलावली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, मला समजलं.

त्या वर्षी पावसाळ्यात खटका अडकायला लागला. मुळशीचा पाऊस चार महिने, गाडीला गंज धरतो तसा तारेलाही धरला असावा. पावसात काचा आतून धुरकट होतात, तेव्हा हिटर लागतो. साहेब अंगठ्यानं खटका ढकलायचे, तोंडानं पुटपुटायचे, मग दोन्ही अंगठे लावायचे. एका शनिवारी परत आले तेव्हा अंगठ्याला फोड आला होता. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. पण मी चहा दिला तेव्हा त्यांनी कप चार बोटांनी धरला.

मला ते बघवेना. दसऱ्याच्या सुमाराला, साहेब दुपारचे झोपलेले असताना, मी गाडीच्या पुढच्या फळीखाली डोकं घातलं. नळीचं तोंड खटक्याच्या मागंच दिसत होतं. घरात तेलं दोन. एक माझ्या शिलाई मशीनचं आणि एक खोबरेल. मशीनचं तेल मला हलकं वाटलं. त्याला वास येतो, डाग पडतो, मशीनसाठी ते ठीक. पण साहेबांच्या वडिलांची गाडी. तिला घालायचं तर घरातलं चांगलं तेल घालावं. डोक्याला लावतो ते, देवघराच्या दाराची कुरकुरती बिजागरी मोकळी करतो ते. मी कापसाची वात केली, ती खोबरेलात भिजवली आणि नळीच्या तोंडाशी धरली. दोन थेंब आत गेले. खटका हलकेच पुढंमागं केला. असं रोज दोन थेंब, आठ दिवस.

नवव्या दिवशी खटका असा सरकला की मीच दचकले.

शनिवारी साहेबांनी बोट लावलं आणि खटका टोकापर्यंत गेला. ते गाडीतून उतरले, पुन्हा बसले, पुन्हा सरकवला. मग आमच्या मालकांना हाक मारली.

"आपोआप सुटला. बघा."

"व्हय की," मालक म्हणाले.

"हवा कोरडी झाली. ओलावा गेला की धातू मोकळा होतो. मी म्हणतच होतो."

आता इथं मी पुढं होऊन सांगायला हवं होतं. पण साहेब एवढे खुश होते, आणि त्यांचं कारण माझ्या कारणापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. मी फडकं पिळत राहिले. पुढचे दोन महिने साहेब येईल त्याला कोळवणच्या कोरड्या हवेचे गुण सांगत होते.

मग मार्गशीर्ष आला. आमच्या खोऱ्यात थंडी डोंगरावरून उतरते आणि खाचरांत साचून राहते. कापलेल्या भाताच्या धसांवर सकाळी दव इतकं असतं की चप्पल भिजते. पहिल्याच थंड शनिवारी साहेबांनी खटक्याला बोट लावलं आणि तो हलला नाही. अंगठा लावला, दोन्ही अंगठे लावले. पावसाळ्यात निदान करकरायचा. आता करकरतही नव्हता, जागेवर चिकटून बसला होता.

साहेब गारठूनच पुण्याला गेले. त्याच दिवशी येताना पिरंगुटला मिस्त्रीकडं थांबले. हा मिस्त्री जुन्या गाड्यांचा जाणकार, साहेबांचा भरवशाचा. दुपारचे बारा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. मिस्त्रीनं एक बोट लावलं. खटका लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"काय झालंय ह्याला?" मिस्त्रीनं विचारलं.

"सकाळी हलत नव्हता."

"आता हालतोय की."

पुढच्या शनिवारी तेच. सकाळी जाम, दुपारी मिस्त्रीसमोर मोकळा. या वेळी आमचे मालक बरोबर होते. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, की मिस्त्रीनं साहेबांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "सायेब, वय झालं की व्हतं आसं. माझ्या वडलांचंबी व्हायचं." साहेब पाणी न पिता उठले.

रविवारी ताई आल्या. ताई म्हणजे साहेबांची लेक, पुण्यात असते, मोठी नोकरी आहे. मनाची चांगली, पण बोलणं विळ्यावर चिरल्यासारखं. सकाळीच आल्या, त्यामुळं खटका जामच होता. साहेब तो ढकलत होते ते त्यांनी पाहिलं. स्वतः हात लावायच्या आत साहेबांनी दार लावून घेतलं. "तू मोडशील," म्हणाले.

व्हरांड्यात मी पोहे दिले आणि आत गेले. दाराआडून ऐकू येत होतं.

"बाबा, मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला हिटरच्या लिव्हरला काही झालेलं नाही."

"दुपारी नसतं. सकाळी असतं."

"लिव्हर सकाळ-दुपार बघत नाही. बोटं बघतात. थंडीत सांधे आखडतात, उन्हात सुटतात. लिव्हर नाही अडकत बाबा, तुमची बोटं अडकतात."

साहेबांनी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज लिव्हर आहे. उद्या गिअर असेल, परवा ब्रेक. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत, ते नीट सांभाळतील. तुम्ही टॅक्सी बोलवा."

"कोळवणात टॅक्सी," साहेब म्हणाले. "फोनला रेंज असली तर टॅक्सी नसते, टॅक्सी असली तर रेंज नसते."

"विषय बदलू नका."

शेवटी साहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. सकाळी सातला. तुझ्यासमोर खटका सरकवून दाखवतो. नाही सरकला तर किल्ली तुझी."

ताई गेल्यावर आमच्या मालकांनी सोपा उपाय सुचवला. "सायेब, दुपारी उगडून ठिवा, तसाच ऱ्हाऊ द्या. सकाळी हिटर चालू."

"आणि तिच्यासमोर सरकवायचं काय?"

मालकांना ते सुचलं नव्हतं.

साहेब त्या आठवड्यात विचित्र वागले. जेवताना बोटं उघडझाप करायचे. वर्तमानपत्र वाचायचं सोडून त्याच्या घड्या घालायचे, बारीक बारीक, आणि उलगडायचे. एकदा मी पाहिलं, ते मोहरीचा डबा उघडून एकेक दाणा चिमटीनं उचलून वाटीत टाकत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "खडे बघत होतो." मोहरीत खडे नव्हते, मीच निवडलेली होती.

मंगळवारी न्हायल्यावर मी डोक्याला तेल लावायला बाटली घेतली. उलटी केली, काही आलं नाही. थंडीत खोबरेल गोठतं, दर वर्षी गोठतं. मी नेहमीसारखी बाटली उन्हात पायरीवर ठेवली आणि केस पुसत बसले. तेल कडेनं पातळ व्हायला लागलं, मधला पांढरा गड्डा हळूहळू लहान झाला.

सकाळी गोठतं. उन्हात सुटतं.

माझा हात केसांतच राहिला. साहेबांची बोटं चांगली होती. गाडीच्या नळीत माझं तेल गोठत होतं.

साहेब मोहरीचे दाणे मोजत होते ते माझ्यामुळं. बुधवारी रात्रीच्या भाकरी थापताना मी मालकांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तू नगं बोलू. म्या सांगतो सायबास्नी, उद्या सकाळीच. माझ्यावर सोड."

मला बरं वाटलं. मी त्यांच्यावर सोडलं, ही माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब व्हरांड्यात कानटोपी घालून बसले होते. मालक गेले, खाकरले. मी दाराआड.

"सायेब, त्या खटक्याचं बोलायचं हुतं."

"बोला."

"त्याचं कसं हाय," मालक म्हणाले आणि थांबले. बायकोनं साहेबांची गाडी बिघडवली हे वाक्य त्यांच्या घशाशी आलं असावं आणि त्यांनी ते गिळलं. कारण पुढं ते म्हणाले, "थंडीची बाधा हाय. खोबरेल तेल लावून बगा."

मी डोळे मिटले.

"खोबरेल?" साहेब म्हणाले.

"लई गुणाचं आसतं."

साहेबांना ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काडीसुद्धा माझ्याच घरची निघाली. "जुनी माणसं वेडी नव्हती," म्हणत ते उठले. "बाई, जरा खोबरेल आणता का?"

"संपलंय," मी आतून म्हणाले.

"संपलं कसं?" मालक म्हणाले. "परवा तर मोटी बाटली आणलीय."

बाटली घेऊन मी बाहेर गेले. साहेबांनी झाकण काढलं, तळहात पुढं केला आणि बाटली उलटी धरली. काही आलं नाही. त्यांनी झटका दिला. बाटली दाबली. बाटलीच्या तोंडाशी एक पांढरा ठिपका आला आणि तिथंच राहिला. साहेब त्या ठिपक्याकडं बघत उभे राहिले. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"आतबी आसंच झालंय," मी म्हणाले.

"कशाच्या आत?"

"खटक्याच्या."

साहेबांनी बाटलीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पायरीवर बसले.

"कधी घातलंत?"

"दसऱ्याला."

"किती?"

"दोन दोन थेंब. आठ दिस."

"कशासाठी?"

मला लांब सांगता येईना. "तुमचा अंगठा," मी म्हणाले.

बाटली त्यांच्या हातात उलटीच होती. मी शिव्यांची वाट बघत होते, कारण त्याशिवाय दुसरं काय येणार. पण साहेबांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. हसता हसता खरंच ठसका लागला, मालकांनी पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसले. "कोरडी हवा," म्हणाले. "दोन महिने मी लोकांना कोरडी हवा सांगतोय."

मग त्यांनी दोन्ही हात पुढं धरून दहाही बोटं पाहिली. उलटी, सुलटी. "म्हणजे ही चांगली आहेत," म्हणाले. हे मात्र न हसता म्हणाले.

त्यांनी खिशातून फोन काढला. "ताईला आत्ता सांगतो."

माझं तोंड कसं झालं असेल ते त्यांनी पाहिलं असावं. ताईंनी माझ्याकडं बघून 'वहिनी, हे तुम्ही केलंत?' असं विचारलेलं माझ्या डोळ्यांपुढं आलं होतं, आणि त्या प्रश्नापुढं मी पदराचं टोक चावत उभी. साहेबांनी फोन खिशात ठेवला.

"बरं, नाही सांगत," म्हणाले. "पण मग रविवारी खटका सरकलाच पाहिजे. चला, तार काढू."

तार त्यांनीच काढली. फळीखाली उताणे झोपले, दोन मळसूत्री खिळे खटक्याकडचे, एक इंजिनाकडचा. बोटं इतकी सरसर चालत होती की ताईंनी बघायला हवी होती. नळी तारेसकट बाहेर आली, दोन हातांहून जरा लांब, मेलेल्या धामणीसारखी. ती आम्ही उन्हात ठेवली, मग तार उपसून काढली. तिला मेणासारखं पांढरं लागलं होतं आणि त्या पांढऱ्यात पावसाळ्यातला तांबूस गंज. मी बारीक काथ्यानं तार घासली. साहेबांनी नळी पेट्रोलनं आतून दोनदा धुतली. गाडीत आणि अंगणात सगळीकडं तळलेल्या करंज्यांचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास पसरला होता.

"आता मशीनचं तेल," साहेब म्हणाले. "पण घाईनं ओतून चालणार नाही. नळी टांगायची, वरच्या तोंडातून थेंब थेंब सोडायचं, खालून स्वच्छ तेल येईपर्यंत. कारखान्यात यासाठी एक माणूस बसवायचो."

शुक्रवारी सकाळी आंब्याच्या फांदीला नळी टांगली. वरच्या तोंडाला मी कणकेची वाटी करून बसवली, दिव्याला करतो तशी, म्हणजे तेल ओघळणार नाही. साहेब चमचा घेऊन उभे राहिले. दहा मिनिटांत त्यांची पाठ धरली. मालक उभे राहिले, त्यांनी चमच्यानं एकदम ओतलं आणि तेल त्यांच्या सदऱ्यावर आलं.

थेंब थेंब दिवसभर पडत राहणारी एकच वस्तू मला माहीत होती. महादेवाच्या देवळातली गळती. श्रावणात पिंडीवर टांगतात तो तांब्याचा हंडा, बुडाला भोक असलेला. श्रावण सरला की तो देवळाचं बघणाऱ्या गुरवकाकूंच्या माळ्यावर पडून असतो. तिथलाच एक जुना, चेंबलेला हंडा मागायला मी गेले.

गुरवकाकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. "गळती? आत्ता? कुणाकडं अभिषेक हाय?"

"साहेबांकडं," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"सायेब देवाधर्माचे न्हाईत म्हनत्यात."

मी मान हलवली.

"म्हातारपनी बुद्धी झाली म्हन की. बरं झालं. एकादष्णी हाय का?"

मी पुन्हा मान हलवली. माझा हा दोष जुनाच आहे. बोलणं टाळायला मी मान हलवते, आणि ती हो म्हणूनच हलते.

"परसाद किती वाजता?"

यावरही मान हलली.

दुपारी बाराला गुरवकाकू बंगल्यावर आल्या. नवं लुगडं, हातात ताट, ताटात बेल, फुलं, नारळ. अंगणात येऊन थांबल्या. आंब्याला गळती टांगलेली, तिच्याखाली कणकेची वाटी, वाटीखाली लोंबणारी काळी नळी, तळाला दुधाचं पातेलं. समोर खुर्चीवर कानटोपी घातलेले साहेब एकटक बघत बसलेले. काकूंनी आधी हात जोडले. मग नाक वर करून वास घेतला.

"ह्ये शिलाई मशीनचं तेल हाय."

"हो," साहेब उभे राहून म्हणाले. "या काकू, बसा."

"आन् ह्ये काय टांगलंय?"

"हिटरची तार आहे. गाडीची."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. "मला म्हनली अभिषेक," त्या म्हणाल्या.

"अभिषेकच आहे," साहेब म्हणाले. "माझा जीव त्या तारेवर टांगलाय म्हणून समजा."

काकू क्षणभर घुटमळल्या. रागावून जातील असं वाटलं. पण त्यांची नजर गळतीवर गेली आणि त्यांच्यातला देवळाचा माणूस जागा झाला. "थेंब लई भराभर पडतोय," त्या म्हणाल्या. "चिंधी घातली व्हय गं भोकात? चिंधीनं आसंच व्हतं, येक तर धो धो न्हाई तर बंद. दर्भ घालत्यात. न्हाई तर भाताची काडी आन."

मी काडी आणली. त्यांनी ती दातानं तासली, भोकात बसवली, हंडा जरा कलता केला. थेंब पडला. मग दुसरा. दोन थेंबांच्या मध्ये 'नमः शिवाय' नीट म्हणता येईल एवढं अंतर. काकू खाली मांडी घालून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. आता आणलंयच म्हणून एक बेलाचं पान त्यांनी कणकेच्या वाटीला चिकटवलं. नारळ फोडला, आणि प्रसाद सगळ्यांना दिला. दिवे लागायच्या आधी नळीतून खाली चकचकीत, निवळ तेल यायला लागलं, तेव्हा काकूच म्हणाल्या, "पावला."

शनिवारी साहेब इडलीला गेले नाहीत. तार बसवली, खिळे आवळले. दिवसभर कुणी खटक्याला हात लावला नाही. दृष्ट लागेल म्हणून असेल.

रविवारी थंडी अशी होती, की कोंबड्यासुद्धा खुराड्यातून बाहेर येईनात. खाचरांवर धुकं. ताई सातच्या आधीच आल्या, शाल गुंडाळून. साहेब गाडीत बसले. मी ओलं फडकं घेऊन मागच्या चाकाशी उभी राहिले, पुसायला काहीच नव्हतं तरी.

साहेबांनी करंगळी लावली. खटका सरकत टोकाला गेला. परत आणला. पुन्हा नेला.

ताई बघत राहिल्या. मग वाकून स्वतः बोट लावलं, खटका तसाच गेला. त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही.

"आज बोटं बरी आहेत," त्या हळू म्हणाल्या. "मला बरं वाटलं, बाबा. पण पुढच्या शनिवारी?"

"बोटं कायमच बरी होती."

"मग दोन शनिवार अडकत का होता?"

साहेबांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. नुसतं एकदा. मग समोर बघून म्हणाले, "सांगता येणार नाही."

आयुष्यभर यंत्रांची कारणं सांगितलेला माणूस. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळत होते. 'सांगता येणार नाही' म्हणताना ते खरंच शहात्तर वर्षांचे दिसले. ताईंनाही तसंच दिसलं असणार, कारण त्यांनी शालीतून हात बाहेर काढला. मागितलं काहीच नाही, नुसता हात. साहेबांनी किल्ली काढून त्यावर ठेवली.

"बोटं न्हाई अडकली," कुणीतरी म्हणालं. ती मी होते.

सगळे वळले. आता थांबणं शक्य नव्हतं. "माझं तेल गोठलं हुतं," मी म्हणाले. आणि मग वात, आठ दिवस, अंगठ्याचा फोड, चार बोटांनी धरलेला कप, मार्गशीर्ष, पायरीवरची बाटली, मोहरीचे दाणे, गुरवकाकू, भाताची काडी, सगळं सांगितलं. मध्ये श्वास घेतला नाही. मोहरीचं सांगायला नको होतं, ते मला नंतर कळलं. साहेब म्हणाले, "मी खडे बघत होतो." कुणी त्यांचं ऐकलं नाही.

माझं सांगून संपलं तेव्हा फडक्यातलं पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"वहिनी," ताई म्हणाल्या, "चार वर्षांत तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोलताय."

"मलाबी आजच कळलं," मालक म्हणाले, "हिला एवढं येतं म्हून."

ताईंनी साहेबांचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा उलटा करून पाहिला. फोडाची खूण अजून होती. "हे मला का नाही दाखवलंत?" ताईंनी किल्ली त्याच हातात ठेवली, बोटं मिटवली आणि गाडीला वळसा घालून साहेबांशेजारी जाऊन बसल्या.

"चला," म्हणाल्या. "इडली. वहिनी, तुम्हीही बसा."

मी मान हलवली. ती नेहमीप्रमाणं हो म्हणून हलली. मी मागं बसले.

घोटावडे फाट्यापर्यंत पुढं चांगलीच ऊब झाली असावी, कारण ताईंनी आधी शाल काढली, मग स्वेटर. पिरंगुटला म्हणाल्या, "बाबा, उकडतंय, बंद करा," आणि साहेबांनी करंगळीनं खटका डावीकडं नेला. मिस्त्रीच्या दुकानासमोर त्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला.

त्या प्रवासात मला एक गोष्ट समजली. तो हिटर फक्त पुढच्या दोन माणसांपुरता आहे. मागं त्याची झुळूकसुद्धा येत नाही. माझे ओले पाय बर्फ झाले होते. "मागं बरं आहे ना?" साहेबांनी आरशातून विचारलं.

माझं त्या दिवसाचं बोलून झालं होतं. मी मान हलवली.